वाढत्या अंगाची मशीन

आमच्या थोरल्या साडूंना आजतागायत एकाही वस्तूचं माप बरोबर घेता आलेलं नाही, याबद्दल सोलापूर शहरात आणि जेऊरपासून अक्कलकोटपर्यंत पसरलेल्या आमच्या समस्त गोतावळ्यात दुमत नाही. देवानं त्यांना बाकी सगळं दिलं. कारखान्यात कॉम्प्युटरची नोकरी दिली, अक्कासारखी बायको दिली, अक्काच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून माझ्यासारखा साडू दिला. माप तेवढं द्यायचं राहिलं. नजरेत दोष म्हणाल तर तोही नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी चष्म्याशिवाय पेपर वाचतात. पण दुकानात वस्तू समोर आली की ती आज किती लागणार हे त्यांना दिसतच नाही. उद्या किती लागेल तेवढंच दिसतं. आणि त्यांचा उद्या अवाढव्य असतो.

अंगानं साडू म्हणजे शेवग्याची शेंग. वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा आधी इकडंतिकडं बघतो, कुणी आलंय का म्हणून. पण शर्ट त्यांनी जन्मभर पैलवानाचा घातला. खांद्याची शिवण कोपराशी, कोपर बाहीच्या मध्यावर कुठंतरी हरवलेलं, आणि कॉलरमध्ये मानेबरोबर आणखी एक मान आरामात राहील एवढी जागा. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "वाढत्या अंगाचा घेतलाय." आता हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं, नाही असं नाही, पण ते पहिलीतल्या पोराच्या शर्टाबद्दल. साडूंचं अंग दहावीला वाढायचं थांबलं, ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. आमच्या सासूबाई सांगायच्या, की लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा अक्काला आधी सफारी दिसली आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर आत नवरा सापडला. त्यांच्या पोराला पहिलीत घेतलेली शाळेची चड्डी चौथीत नेमकी बसली. पण तोवर ती ओढून, मुडपून, करदोट्यात खोचून इतकी विरली होती, की बसली त्याच दिवशी फाटली. पोरगं भर प्रार्थनेत रडत घरी आलं. साडू म्हणाले, "बघ, बसली का न्हाय शेवटी?"

घरात माणसं तीन आणि कुकर लग्नघरचा. त्याच्या तळाशी अक्कानं वाटीभर तांदूळ लावला, की तो विहिरीत डोकावल्यासारखा खाली दिसायचा. गॅस जळतोय, वाफ वर यायला निघालीय, निम्म्या वाटेत दमून परत खाली जातेय. शिट्टी म्हणून काही होत नसे. अक्कानं त्या कुकरची शिट्टी आयुष्यात एकदाच ऐकली, पोराच्या बारशाला, आणि त्या आवाजानं पाळण्यातलं पोरगं दचकून जे रडायला लागलं ते जेवणं उठेपर्यंत थांबलं नाही. एरवी भात झाला की नाही हे ती घड्याळावरून ठरवायची. "ह्या माणसाच्या संसारात," असं ती माझ्या बायकोला सांगे, "भांडी मोठी आन् शिजतंय एवढुसं."

यात सगळा दोष साडूंचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाचं मापच बिघडतं, कारण आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा येतं. नळ म्हणजे आमच्याकडं लांबचा पाहुणा. कधी टपकेल, किती वेळ टेकेल, काही सांगून येत नाही. म्हणून आला की घरातलं यच्चयावत भांडं भरून घ्यायचं. बादल्या, घागरी, पातेली, आणि घाई फारच असेल तर तांब्या-फुलपात्रीसुद्धा. सगळं शहर हे करतं. साडूंनी त्याचं अवडंबर केलं. त्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या आणि निळी पिंपं अशी दाटीवाटीनं उभी आहेत, की वाळवण घालायला अक्का आमच्या गच्चीवर येते. उजनी किती भरलं हे पाहायला सरकारी माणसं धरणावर जातात. मी साडूंच्या जिन्यात उभा राहून कानोसा घेतो.

असा हा माणूस अक्कलकोट रोडवरच्या एका चादरी-टॉवेलांच्या कारखान्यात उभी हयात 'सिस्टिमवाले काका' म्हणून होता. काय ऐट होती हो! बाहेर मागांचा असा खडखडाट, की माणसाला स्वतःचे विचार ऐकू येऊ नयेत. हवेत सुताची पिंज, वर पत्रा, पत्र्यावर मे महिन्याचं सोलापूरचं ऊन. आणि या सगळ्या भट्टीच्या मधोमध काचेच्या दाराची एक खोली, आत एसी, आणि एसीसमोर गोदरेजच्या कपाटासारखा उभा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब, सगळ्या ऑर्डरी, सगळा माल ज्याच्या पोटात असतो तो मोठा कॉम्प्युटर. तो निवडला साडूंनीच. त्यात एक कारखाना काय, अख्खी एमआयडीसी मावली असती. तो गरम होऊ नये म्हणून एसी, आणि एसी होता म्हणून त्या खोलीला देवळाची कळा. लोक बाहेर चपला काढून आत यायचे. थोरल्या मालकांचं दही तिथं, फोरमनच्या आईचं इन्सुलिन तिथं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासकट मीसुद्धा तिथं. मी शाळेत मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध त्याच्या थंडाव्यापुरता. पण त्यामुळंच पुढं जे घडलं ते मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं, आणि अजून मला त्याचा घाम फुटतो.

थोरले मालक थकले आणि धाकटे मालक पुण्याहून शिकून आले. मुलगा सालस. काचेच्या दाराशी त्यानंही चपला काढल्या. मग कपाटाकडं बोट करून म्हणाला, "काका, हे आता नको. आपण सगळं क्लाउडवर नेऊ."

"म्हंजे कुटं?"

"मशीन दुसऱ्याची, कुठंतरी लांब. आपण भाड्यानं वापरायची. पाहिजे तेव्हा घ्यायची, नको तेव्हा सोडायची. व्हर्च्युअल मशीन म्हणतात तिला. तुम्ही फक्त साइज ठरवा."

साइज! साडूंनी! माझ्या हातातली उत्तरपत्रिका खाली पडली. त्या पोराला सावध करावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तोवर तो पुढचं बोलून गेला होता. घटस्थापनेपासून दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरी सुरू होतात. त्याच्या आत साइज नीट बसली तर हे खातं काकांकडंच राहील, नाहीतर पुण्याची एक कंपनी हे काम उचलायला बसलेलीच आहे. "तुम्हाला घरी पाठवायची माझी इच्छा नाही काका," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. साडूंनी मान हलवली. कॉलर जागच्या जागी राहिली, आत मान तेवढी हलली.

मग त्यांनी पडद्यावर त्या मशिनींचा तक्ता उघडला आणि मी कपाळाला हात लावला. मशिनींची नावं शर्टांसारखी होती! स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, डबल एक्स्ट्रा लार्ज, आणि असं खाली खाली चोवीसपट एक्स्ट्रा लार्जपर्यंत. त्यातही घराणी. एका घराण्याचं डोकं मोठं, एकाचं पोट मोठं, एक सगळ्या बाजूंनी बेताचं. साडूंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी फक्त पंगतीत जिलबी येताना पाहिलंय.

"हे बघा मास्तर," ते मला समजावू लागले, "मशिनीत दोन गोष्टी बघायच्या. शीपीयू म्हंजे शेगड्या. जेवढ्या शेगड्या, तेवढी कामं एका टायमाला शिजणार. आन् मेमरी म्हंजे ओटा. शिजवताना सामान मांडून ठेवायला जागा. शेगड्या धा असून ओटा वीतभर असला तर बाई काय डोक्यावर परात घिऊन भाजी चिरणार?"

किती नेमकं सांगितलं! विद्येत हा माणूस तसूभर कमी नव्हता, हीच तर खरी शोकांतिका. मी धीर करून विचारलं, "मग आपल्याला किती शेगड्या लागतील?"

"चौसष्ट."

"साडूभाऊ, चादरींचा कारखाना आहे!"

"वाढंल की! आज चादरी, उद्या काय सांगावं. एकदा घ्यायची ती वाढत्या अंगाची घ्यायची. सारखं सारखं कोन बदलणार?"

सारखं सारखं बदलता यावं म्हणूनच तर ती भाड्याची होती. पण शर्ट उसवून पुन्हा शिवता येतो हेही त्यांनी कधी मानलं नव्हतं. मशीन आली. म्हणजे कुठूनच आली नाही, पडद्यावर एक हिरवा ठिपका लागला. साडूंनी पडद्याला हळदकुंकू लावलं. हे मी रचून सांगत नाही. नारळ फोडायला मात्र वस्तूच समोर नव्हती, तेव्हा तो त्यांनी जुन्या कपाटापुढं फोडला आणि त्याचं पाणी नेमकं आत गेलं, हा वेगळा विषय आहे.

महिन्यानं धाकटे मालक कागद घेऊन आले. त्यावर एक रेघ होती. चादरीच्या काठासारखी सरळ, खालच्या कडेला चिकटून पडलेली.

"काका, ही आपल्या मशीनच्या कामाची रेघ."

"लई सरळ हाय की."

"सरळ नाही काका, आडवी पडलीय. ती काही कामच करत नाही. दिवसभर झोपून असते, आणि तिच्या झोपेचं भाडं आपण भरतोय."

"झोपली न्हाय मालक," साडू कळवळून म्हणाले, "दम राखून हाय."

मला त्या क्षणी अक्काचा कुकर आठवला. गॅस भकाभका जळतोय, तळाशी वाटीभर तांदूळ, आणि शिट्टीचा पत्ता नाही. धाकटे मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तो कागद टेबलावर ठेवून गेले. साडूंना ते फार लागलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मापाला कागदावर काढून दाखवलं होतं. आणि दुखावलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, दुसऱ्या टोकाला उडी मारली. तक्त्यातली सगळ्यात वरची, चिमणीएवढी मशीन निवडली. "काटकसर पायजे न्हवं? मग लंगोट घ्या!" असं त्या निर्जीव पडद्याला सुनावलं, आणि डबा न खाताच बसून राहिले.

तो लंगोट राखीपौर्णिमेच्या सुमारास फाटला. बेळगावपासून नागपूरपर्यंतचे व्यापारी तेव्हा नमुन्याच्या ऑर्डरी टाकायला लागतात. शाळेला सुट्टी म्हणून मी तिथंच होतो. सकाळी अकराला एकदम सगळे आले असावेत, कारण पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र उगवलं ते मावळेचना. कारखान्यातला एक एक फोन वाजू लागला. वाहतूकवाले पावती मागतात, पावती निघत नाही. शिवणखात्यातल्या बायका काम नाही म्हणून अंगणात येऊन बसल्या. गेटवर ट्रक असे तुंबले, की त्यांची शेपटी थेट अशोक चौकात गेली असं लोक सांगतात. मी म्हणतो पार तालुका ओलांडून टेंभुर्णीपर्यंत गेली. शेवटी फोरमननं टॉवेलांचे खोके फाडले आणि पुठ्ठ्यांवर खडूनं ऑर्डरी लिहून घ्यायला सुरुवात केली. साडू मधोमध उभे. पैलवानी शर्टाच्या आत घामानं निथळत, एकच बटन पुन्हा पुन्हा दाबत. "बाई, ऊठ की," असं त्या मशिनीला म्हणताना मी त्यांना ऐकलं.

धाकटे मालक आले. त्यांनी घाईघाईनं स्वतः कसलीशी मधल्या आकाराची मशीन जोडून गाडा चालू केला आणि एवढंच म्हणाले, "काका, पुण्याच्या लोकांना मी घटस्थापनेच्या आधी बोलावून ठेवतो. तोवर तुमचं जमलं तर ठीक."

त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला, "जरा येऊन बघा हो, गच्चीवरनं खाली उतरंनात." मी गच्चीवर गेलो. साडू दोन टाक्यांच्या फटीत पिंपाला टेकून बसले होते; शर्ट वाऱ्यानं भरून शिडासारखा फुगला होता आणि माणूस आत असल्याची खूण म्हणून फक्त दोन पाय दिसत होते.

"मास्तर, तुमच्या नळाला पानी कवा आलतं?"

"परवा."

"आता परत कवा येनार?"

"कुणाला ठाऊक."

"मग!" त्यांनी पिंपावर थाप मारली. "ते धाकटे मालक म्हणतात, बटन दाबलं की पाहिजे तेवढी मशीन येती, नको आसंल तर सोडून द्या, परत दाबा, परत येती. त्यास्नी खरं वाटतं. पुण्यात शिकल्यात, तिथं नळ सोडला की पानी आलं. मला कसं खरं वाटावं? सोडली आन् परत आलीच न्हाय तर? म्या जन्मभर एकच शिकलो, आलंय तवर भरून घ्यायचं." मग पिंपाचं झाकण नीट बसवत म्हणाले, "ही खोली गेली तर म्या कुटं बसू ओ मास्तर? घरात बसलो तर तुमच्या अक्काच्या पायात पायात येनार. दुसरं मला काय येतंय?"

मी त्यांच्या शेजारी टाकीला टेकून बसलो, आणि आमच्या पाठीमागं कित्येक हजार लिटर पाणी अंधारत चाललेल्या आभाळाखाली डुबुक डुबुक करत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी मशीन निवडणंच सोडून दिलं. भीतीनं हातच पुढं होईना. मालकांनी जोडलेल्या त्या तात्पुरत्या मशीनची रेघ पडद्यावर लावायची आणि तिच्याकडं बघत बसायचं. दुसरं काहीच करायचं नाही. मला वाटलं, संपलं. माणूस आता असाच काचेत बसून राहणार. पण बघता बघता ते त्या रेघेच्या नात्यातले झाले. मी शाळा सुटल्यावर डोकावलो की मला ओळख करून देऊ लागले. ही सकाळची चढण दिसती न्हवं, ती पाळी बदलल्याची, मागावरली माणसं हजेरी लावत्यात. हा दुपारचा सपाट माळ, जेवणाची सुट्टी. आणि हे सोमवारी उठलेलं टेंगूळ म्हणजे फिरस्ते विक्रेते आठवड्याच्या ऑर्डरी एकदम ओततात. "आन् हे बघा," एक दिवस त्यांनी माझा दंड धरला, "शेगड्या बघा, निम्म्याच्या वर रिकाम्या. पण ओटा? ओटा काठोकाठ भरलाय! अकौंटच्या बाई सगळ्या वर्षाचा माल एकदम मांडून बसत्यात. त्या दिवशी मशीन मेली ती दमून न्हाय मेली ओ. तिला चिरायला जागा न्हवती!"

त्यांनी तक्ता पुन्हा उघडला. मोठ्या डोक्याचं घराणं ओलांडलं. मोठ्या पोटाच्या घराण्यात गेले. शेगड्या मोजक्या, ओटा ऐसपैस, अशा एका मधल्या मशीनवर त्यांचं बोट थांबलं. चोवीसपट खाली कुठंतरी तिथंच होती, पण त्यांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही.

मी हळूच विचारलं, "वाढत्या अंगाची नाही घेत?"

"न्हाय," साडू म्हणाले. "अंगाची."

सोमवारच्या टेंगळापुरती एक जादा मशीन आपोआप जोडली जावी आणि भार उतरला की आपोआप सुटावी, अशी तजवीजही त्यांनी केली. राहिली फक्त एक गोष्ट. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नसतं; त्या दिवशी मशीन बंद ठेवायची. बंद! या एका बटणासाठी त्यांनी मला अर्धी रजा टाकायला लावली आणि ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक बोलावतात तसं अक्कालाही बोलावून घेतलं. ती बिचारी डब्यात धपाटे घेऊन आली. आम्ही तिघं पडद्यापुढं उभे. साडूंनी डोळे मिटून बटन दाबलं. हिरवा ठिपका विझला. खोलीत फक्त एसीची घरघर.

"झालं?" अक्का म्हणाली.

"थांब. आधी परत येती का बघतो."

पुन्हा दाबलं. ठिपका लुकलुकला, पिवळा झाला, आणि हिरवा झाला.

"आली की ओ!" साडू ओरडले. "मास्तर, आली की!" आणि खात्रीसाठी पुन्हा बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. नळाला पाणी आहे का हे बघावं तसा चाळाच लागला त्यांना. दर वेळी ती येत होती आणि दर वेळी त्यांना नव्यानं आश्चर्य वाटत होतं. शेवटी अक्कानं त्यांचा हात धरून डब्याकडं वळवला. त्या दिवशी या माणसाचा जगावर असा काही विश्वास बसला, की घरी जाऊन त्यांनी गच्चीवरचं एक आख्खं पिंप तुळशीला ओतलं. तुळस वाहून गेली.

घटस्थापना आली. आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो, आणि काहीही झालं नाही. यापेक्षा मोठं यश त्या धंद्यात नसतं म्हणे. व्यापारी आले, ऑर्डरी ओतल्या, जादा मशीन जोडली गेली, सुटली. फोन एकही वाजला नाही. पुण्याच्या लोकांना धाकट्या मालकांनी नको म्हणून कळवलं. स्वतः पेढे घेऊन आले, साडूंच्या पाया पडले आणि म्हणाले, "काका, परफेक्ट." साडूंनी एक पेढा तोंडात टाकला आणि दुसरा जुन्या कपाटापुढं ठेवला.

आणि मग हळूहळू ते सुरू झालं. कपाट मोडीत गेलं. त्याला आता काही अर्थ नव्हता. कपाट गेल्यावर एसी कुणासाठी? तो मालकांच्या केबिनमध्ये गेला. काचेच्या खोलीत टॉवेलांचे नमुने आले, आणि त्या नमुन्यांत एका कोपऱ्यात साडूंचं टेबल. लोक चपला घालून आत येऊ लागले. साडू पडद्याकडं बघत बसत. रेघ चढे, उतरे, त्यांना काही विचारत नसे. दिवाळी झाल्यावर धाकटे मालक आले. टेबलापाशी स्टूल ओढून बसले. मुलगा सालस, हे मी मघाशी सांगितलंच.

"काका, तुम्ही इतकं नीट बसवून दिलंत, की आता कुणी बघायची गरजच पडत नाही. उगाच या उन्हातान्हात कशाला यायचं? घरी आराम करा. काही अडलं तर मी फोन करतोच."

हे मला साडूंनी गच्चीवर सांगितलं, त्याच दोन टाक्यांच्या फटीत. रागावलेले नव्हते. हिशेब तपासून बरोबर आल्यावर माणूस जसा खांदे सैल सोडतो तसे बसले होते. "मास्तर, जन्मात एकदा माप बरोबर घेतलं," ते म्हणाले, "आन् त्यात म्याच जादा भरलो."

यंदाच्या मे महिन्यात बसायला मला थंड खोली राहिली नाही. मी उत्तरपत्रिका घेऊन साडूंच्या घरी जातो. टाक्यांच्या सावलीत दुपारनंतर जरा बरं असतं. अक्का शेंगांची चटणी आणि दही आणून ठेवते, आणि ते पायात पायात येण्याबद्दल अजून तरी काही बोललेली नाही. साडूंचा फोन शेजारच्या पिंपावर असतो. कारखान्यातून तो येत नाही. येईलच कसा, अडत काहीच नाही. मधूनच ते म्हणतात, "चालू हाय न्हवं हा? एकदा लावून बघा की." मी माझ्या फोनवरून लावतो. तो वाजतो. "हाय की चालू," असं म्हणून ते तो उचलतात, बंद करतात आणि पुन्हा पिंपावर ठेवतात. थोड्या वेळानं त्यांनी न सांगताच मी पुन्हा लावतो.

परवा त्यांच्या पोराच्या साखरपुड्यात मला आहेर मिळाला. शर्टाचं खोकं. घरी येऊन घातला तर खांद्याची शिवण कोपराशी आली. मी चौपन्न वर्षांचा आहे. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलंय, की इथून पुढं जे व्हायचं ते कमीच होत जाणार. बायको म्हणाली, नवी पेठेतलं दुकान आहे, बदलून देतील. मी साडूंना फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला.

"साडूभाऊ, शर्ट दोन साइज मोठा झालाय."

पलीकडून जो आवाज आला तो मी दिवाळीनंतर ऐकला नव्हता. "मोठा कसा हुईल? वाढत्या अंगाचा घेतलाय!"

मी बाह्यांच्या दोन-दोन घड्या घातल्या, आणि तोच शर्ट घालून तपासलेल्या उत्तरपत्रिका द्यायला शाळेत गेलो.